झरमॅटचा सीझन कर, पण खोली आणि तास आधी कागदावर घे

पत्र असं आहे:

"ताई, मी सांगलीची, वय २२, सध्या स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोजवळ हॉटेल मॅनेजमेंट शिकतेय. आता कोर्सचा भाग म्हणून पाच महिन्यांची इंटर्नशिप करायची आहे आणि माझ्याकडे दोन ऑफर आहेत. एक जिनिव्हातलं बिझनेस हॉटेल, वर्गातल्या तिघी तिथेच चालल्यात. दुसरी झरमॅटला, डोंगरातल्या स्की गावात, चार स्टार हॉटेल, सर्व्हिसमध्ये, डिसेंबर ते एप्रिल. झरमॅटवाले २३०० फ्रँकच्या आसपास देतो म्हणतायत पण त्यातून खोली आणि जेवण कापणार. खोली झरमॅटमध्ये नाही, खालच्या टॅश गावात, एका पोर्तुगीज मुलीबरोबर. मला जर्मन येत नाही, स्की कधी पायात घातलेली नाही, शाकाहारी आहे, आणि आईने बर्फाचे कडे कोसळल्याचे व्हिडिओ बघितल्यापासून ती फोनवर रडतेच. मला मनातून झरमॅटला जायचंय पण भीती वाटते. शिवाय माझ्या मावसभावाला मिरजेतला एक एजंट ५ लाखात स्वित्झर्लंडच्या स्की रिसॉर्टमध्ये हाऊसकीपिंगची नोकरी लावतो म्हणतोय, असं होतं का? शुक्रवारपर्यंत कॉलेजला कळवायचंय."

अगं, सगळ्यात आधी मावसभावाचं बोलते, कारण तुझ्या हातात शुक्रवारपर्यंत वेळ आहे, त्याचे पैसे कदाचित उद्याच जातील. त्याला आज फोन कर आणि सांग एक रुपयाही देऊ नकोस. युरोपियन युनियन आणि एफ्टा (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइन) देशांच्या बाहेरच्या माणसाला, म्हणजे आपल्याला, स्वित्झर्लंडमध्ये कामाचं परमिट फक्त मॅनेजर, स्पेशालिस्ट, चांगलं शिकलेले आणि अनुभव असलेले अशांनाच मिळतं, आणि त्यालाही कोटा आहे, ब्रिटन सोडून बाहेरच्या सगळ्या देशांचे मिळून वर्षाला ८५०० परमिट, त्यातली ४००० कमी मुदतीची आणि ४५०० लांब मुदतीची. वर मालकाला दाखवावं लागतं की ह्या कामाला स्विस किंवा युरोपातला माणूस मिळाला नाही. आता खोल्या साफ करायला, भांडी घासायला, स्की लिफ्टवर उभं राहायला पोर्तुगाल, इटली, हंगेरी, स्लोव्हाकियातून माणसं येतातच, मग मिरजेतून एक मुलगा आणायला कॅन्टन, म्हणजे तिथलं राज्य, परवानगी कशाला देईल? एजंट म्हणत असेल की भारताचा एफ्टाशी व्यापार करार झालाय, आता सगळं सोपं झालंय. करार झालाय हे खरं, मार्च २०२४ मध्ये सही झाली आणि ऑक्टोबर २०२५ पासून तो लागू आहे, पण त्यात हाऊसकीपिंगच्या नोकऱ्यांचं दार उघडलेलं नाही.

आणि अर्ज कोण करतं हे त्याला नीट समजावून सांग. परमिटचा अर्ज हॉटेल करतं, कॅन्टनकडे, तिथून तो बर्नला, केंद्र सरकारकडे जातो, आणि मंजुरी आल्यावर मग व्हिसा. एजंटने हातात ठेवलेल्या शिक्क्याच्या ऑफर लेटरला काही किंमत नाही. त्या हॉटेलचा ईमेल एजंटकडून घेऊ नका, हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाईटवरून शोधा आणि विचारा की असं पत्र तुम्ही दिलंय का. आपल्याकडे परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटला सरकारी नोंदणी लागते, ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येते, आणि फी जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी, त्यामुळे ५ लाख हा आकडाच सगळं सांगतो. एक अपवाद आहे तोही सांगून ठेवते, भारतीय जेवणाच्या रेस्टॉरंटला अनुभवी कुक आणता येतो, त्याच्या अटी वेगळ्या आहेत. मावसभाऊ दहा वर्षं तंदूरवर उभा असेल तर बोलू. नाहीतर नाही.

तुझं तसं नाही. तू तिथल्या कॉलेजात शिकतेस, इंटर्नशिप कोर्सचाच भाग आहे, म्हणून तुला हे दार उघडं आहे. कॉलेज आणि हॉटेल मिळून कॅन्टनकडून परवानगी घेतात, ती आल्याशिवाय पहिला दिवसही कामाला उभी राहू नकोस, हॉटेल कितीही घाईत असलं तरी.

आता झरमॅट की जिनिव्हा. मी झरमॅट म्हणेन. मी स्वतः एक उन्हाळा एंगेलबर्गला काढलाय, जिथे एप्रिल-मेमध्ये आपल्या टूर कंपन्यांच्या बसेस येतात आणि नाश्त्याला पोह्यांची चौकशी होते, आणि त्यानंतर एक हिवाळा झरमॅटला, २०१७-१८ चा. त्या दोन्हीतला फरक मला माहितीये म्हणून सांगते. जिनिव्हात वर्गातल्या तिघी असतील, चौघी मिळून मराठी-हिंदीत बोलाल, एकत्र जेवाल, आणि पाच महिने कधी गेले कळणारही नाहीत, पण खोली स्वतः शोधायची आणि तिथलं भाडं इंटर्नच्या पगारातून भरायचं म्हणजे महिनाअखेरीला हातात काय राहील ते तूच गणित करून बघ. शिवाय बिझनेस हॉटेलचा गेस्ट एक रात्र राहतो आणि जातो. सीझनच्या हॉटेलात गेस्ट शनिवार ते शनिवार येतो, हाफ बोर्डवर, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून असतो, सात रात्री त्याच टेबलावर, तुझ्याच सेक्शनमध्ये. दुसऱ्या दिवशी तुला माहीत असतं की बारा नंबरच्या आजोबांना सूप खूप गरम लागतं आणि लहान मुलगी फक्त बटाटा खाते. हे काम शिकायला ह्यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. नाताळ ते न्यू इयर दोन आठवडे हॉटेल गच्च भरलेलं, मग जानेवारीत एकदम ओस, तिथले लोक त्याला जानेवारीचा खड्डाच म्हणतात, मग फेब्रुवारीत शाळांच्या सुट्ट्या लागल्या की परत गच्च. हे चढउतार एकदा अंगावर घेतलेस की पुढे कुठल्याही हॉटेलात घाबरणार नाहीस.

पण. दोन गोष्टी आधी कागदावर आणायच्या, खोली आणि तास. सीझन डोंगरामुळे वाईट जात नाही, ह्या दोन गोष्टींमुळे जातो.

खोलीचं बघ. झरमॅट १६०० मीटरवर, गावात पेट्रोलच्या गाड्या चालत नाहीत, फक्त विजेवरच्या डबड्यासारख्या चौकोनी टॅक्स्या, आणि जागा इतकी कमी की काम करणारी बरीच माणसं खाली टॅशला, रांडाला, सांक्ट निक्लाऊसला राहतात. टॅशची खोली म्हणजे तुला फसवतायत असं नाही. टॅशहून शटल ट्रेन १२ मिनिटांत वर येते आणि दिवसभर ये-जा चालू असते. प्रश्न रात्रीचा आहे. तुझी डिनर सर्व्हिस साडेदहाला संपणार, टेबलं आवरून, दुसऱ्या दिवशीचा नाश्ता लावून अकरा-सव्वाअकरा, मग शेवटची शटल किती वाजता, आठवड्याच्या मधल्या दिवशी किती आणि शनिवारी किती, आणि ती चुकली तर हॉटेल टॅक्सी देतं की तुझी तू जायचं, हे आत्ता विचार. शटलचा पास कोण भरतं तेही विचार. खोलीला खिडकी आहे ना, तळघर आहे का, बाथरूम किती जणींत, स्वयंपाकघर आहे का, वॉशिंग मशीनचा तुझा वार कुठला. हसू नकोस, तिथे मशीनचा वार ठरलेला असतो आणि दुसऱ्याच्या वारी कपडे लावलेस तर पोर्तुगीज असो की स्विस, कुणीही ऐकून घेत नाही. खोलीचे फोटो मागव, लाजायचं कारण नाही.

तासांचं जास्त महत्त्वाचं. हॉटेल-रेस्टॉरंटच्या धंद्याला देशभर एकच सामूहिक करार लागू आहे, जर्मन भागात त्याला एल-गाव्ह म्हणतात, तुमच्या फ्रेंच भागात सीसीएनटी, तो इंटर्नलाही लागू होतो. त्यात आठवड्याचे ४२ तास आहेत, सीझनल हॉटेलांना ४३.५. आठवड्याला दोन दिवस सुट्टी. वर्षाला पाच आठवड्यांची रजा, तुझ्या महिन्यांच्या हिशोबाने त्यातला वाटा. जास्त तास झाले तर त्याची सुट्टी किंवा पैसे. आणि रोजचे तास लिहून ठेवणं हे हॉटेलचं काम आहे, महिन्याच्या शेवटी तो कागद तुझ्यापुढे सहीला येतो. इथेच गडबड होते.

माझ्या बाबतीत झालं ते सांगते. नाताळच्या दोन आठवड्यांत मी रोज अकरा तास उभी होते आणि महिन्याच्या शेवटी आलेल्या कागदावर सगळीकडे साडेआठ लिहिलेलं. सुपरवायझर दारात उभा, मागे सात जण रांगेत, पटापट सह्या चाललेल्या. माझ्या एप्रनच्या खिशात मी एक छोटी वही ठेवायचे, आजीने लावलेली सवय, किराण्याची वही असते ना तशी, त्यात रोज आत आले किती वाजता, ब्रेक किती, बाहेर पडले किती वाजता, तीन आकडे, बस. मी म्हटलं मी घरी नेऊन बघते, उद्या देते. हात थरथरत होते खरं सांगते. दुसऱ्या दिवशी वहीचे फोटो आणि एक साधं दोन ओळींचं पत्र देऊन आले, भांडले नाही. पंधरा दिवस कुणी नीट बोललं नाही माझ्याशी आणि मग एप्रिलच्या हिशोबात सगळे तास आले. नंतर मला कळलं की त्या करारातच लिहिलंय, मालकाने तासांची नोंद नीट ठेवली नाही तर वाद झाल्यावर कामगाराची स्वतःची नोंद पुरावा म्हणून चालते. म्हणून वही. मोबाईलमध्ये नको, वहीत, पेनने, रोजच्या रोज, तारीख टाकून. आणि न वाचता सही करायची नाही, मागे कितीही रांग असो.

पैशाचं पटकन सांगते. २३०० हा इंटर्नच्या किमान पगाराच्या आसपासचा आकडा आहे, यंदाच्या किमानपेक्षा कमी नाही ना तेवढं कॉलेजला विचारून घे. त्यातून सोशल इन्शुरन्सचे हप्ते आणि पगारातच कापला जाणारा टॅक्स गेला की दोन हजारच्या थोडं वर राहतात. सरकारी हिशोबात तिन्ही जेवणांचे महिन्याला ६४५ आणि खोलीचे ३४५ धरतात, म्हणजे दोन्ही मिळून ९९०, खोलीचे हॉटेल जास्तही लावू शकतं. तुझ्या हातात हजार-अकराशे आले तर बरं आहे असं समज. जेवणाचं मात्र नक्की विचार की खाल्लेल्या जेवणाचेच कापणार की सरसकट, कारण शाकाहारी माणसाचे सरसकट ६४५ कापायचे आणि रोज पास्ता द्यायचा हे बरोबर नाही. टिपचं पण विचार, सगळ्यांची एकत्र जमा करून वाटतात की ज्याची त्याला. तिथे १९७४ पासून सर्व्हिस चार्ज बिलातच धरलेला असतो त्यामुळे टिप म्हणजे लोक वरचे सुटे सोडतात तेवढीच, पण फेब्रुवारीत तेही बरे जमतात. तेराव्या पगाराचा, म्हणजे वर्षाला बारा पगारांवर मिळणाऱ्या एका जादा पगाराचा, तुझा हिस्सा करारात लिहिलाय का तेही बघून घे.

आता तुझ्या दुपारींबद्दल, आणि हे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय.

सर्व्हिसवाल्यांचा दिवस दोन तुकड्यांत असतो. सकाळी सव्वासहाला नाश्ता, अकरापर्यंत, मग संध्याकाळी साडेपाच-सहाला परत. कुणाला लंच असेल तर दोन ते सहा. मधल्या त्या वेळाला तिथे त्सिमरश्टुंड म्हणतात, शब्दशः खोलीचा तास. सगळे काय करतात, खोलीवर जातात, पडदे ओढतात, झोपतात, उठतात तेव्हा बाहेर अंधार. डिसेंबरात गावातलं ऊन तसंही लवकर डोंगरामागे जातं, त्यामुळे सकाळी अंधारात कामाला आणि झोपून उठल्यावर अंधारात कामाला, असे तीन-चार आठवडे ऊन न बघता जाऊ शकतात, आणि तेही जगभरातून लोक जे ऊन बघायला पैसे मोजून येतात त्याच गावात. मी तेच केलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मला काहीही कारण नसताना रडू यायला लागलं, ट्रे उचलताना, भाकरीचा फोटो बघून, कशानेही.

आमच्या हॉटेलात लाँजरीत, म्हणजे चादरी-टॉवेल धुण्या-इस्त्रीच्या खोलीत, एक पोर्तुगीज बाई होत्या, पन्नाशीच्या आतल्या. एक दिवस दुपारी त्यांनी मला जिन्यात पकडलं, माझा कोट माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या चल. बोलायला आमच्यात मोडकी इंग्लिश आणि थोडं फ्रेंच. गावातून वर, हिंटरडॉर्फच्या जुन्या लाकडी कोठारांच्या बाजूने, ती कोठारं दगडाच्या गोल चकत्यांवर उभी असतात, उंदीर वर चढू नयेत म्हणून. तिथून मॅटरहॉर्न, झरमॅटचा तो प्रसिद्ध सुळका, दिसतो अशा एका बाकावर बसलो. आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांचे आईवडील ८० च्या दशकात सीझनल परमिटवर आले होते. त्या परमिटवर वर्षाचे जास्तीत जास्त नऊ महिने राहता यायचं आणि बायको-मुलांना आणायला परवानगीच नव्हती. तरी लोक आणायचे, लपवून. ह्या बाई तेव्हा सहा वर्षांच्या. आईवडील हॉटेलात कामाला, ही दिवसभर खोलीत, पडदे बंद, टीव्ही नाही, पायात मोजे म्हणजे पावलांचा आवाज नको, दारावर कुणी थाप मारली तर कपाटात. खिडकीच्या फटीतून बाहेरची मुलं घसरगाडी खेळताना दिसायची. अशी हजारो मुलं होती त्या देशात. ते परमिट २००२ मध्ये बंद झालं. "मी उजेडात कुणाला आत झोपलेलं बघू शकत नाही," एवढंच म्हणाल्या, आणि मग थर्मासमधली कॉफी दिली.

त्या दिवसापासून मी एकही दुपार आत काढली नाही. वादळ असेल ते सोडून. तुझं बिऱ्हाड टॅशला आहे त्यामुळे मधल्या वेळात खाली जायचा मोह आणखी होईल, जाऊन झोपावंसं वाटेल. आधी एक तास बाहेर, मग झोप. आईला फोनही तेव्हाच कर, चालता चालता. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो, रात्री कामावरून सुटून अकराला फोन करशील तर सांगलीत पहाटेचे साडेतीन, आई दचकून उठणार आणि तिला वाटणार काहीतरी झालं. दुपारी तीनला केलास तर तिकडे साडेसात, देवापुढे दिवा लावून झालेला असतो, ती निवांत असते, आणि व्हिडिओ कॉलवर तिला उन्हातला डोंगर दाखवता येतो. तिची अर्धी भीती तिथेच जाईल.

उरलेली अर्धी खरी माहिती देऊन घालव. ९ जानेवारी २०१८ ला एवढा बर्फ पडला की झरमॅटचा रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद, साधारण १३ हजार पर्यटक गावात अडकले, आपल्याकडच्या बातम्यांत पण आलं होतं, आणि मी तेव्हा तिथेच होते. गेस्टना निघता येईना, नवे येता येईनात, वरच्या कड्यांवरून खालच्या रस्त्यावर बर्फ येण्याचा धोका म्हणून रस्ता बंद ठेवलेला, हेलिकॉप्टरने लोकांना थोडं थोडं बाहेर काढत होते. गावात कुणाला काही झालं नाही. आम्ही नाश्ता दिला, जेवण दिलं, किचनने मेनू छोटा केला, मुलं लॉबीत पत्ते खेळत होती. माझी आई तेव्हा सकाळ-दुपार-संध्याकाळ फोन करत होती आणि मी तिला जे सांगितलं तेच तू सांग, रस्ता बंद करतात म्हणजे काळजी घेतायत. पहाटे डोंगरात धडाम असा आवाज येतो, पहिल्यांदा ऐकून पोटात गोळा येतो, तो मुद्दाम सुरुंग लावून साठलेला बर्फ खाली पाडल्याचा असतो, लोक वर जायच्या आत. डाव्होसच्या बर्फ-संशोधन संस्थेचं हिमस्खलनाचं बुलेटिन हिवाळ्यात रोज संध्याकाळी ५ ला येतं आणि सकाळी ८ ला परत, धोका १ ते ५ मध्ये, ५ सगळ्यात जास्त. जीव जातात ते बहुतेक आखलेल्या पिस्टच्या, म्हणजे स्कीच्या वाटेच्या बाहेर जाणाऱ्यांचे, आणि पुष्कळदा त्यांच्याच वजनाने तो बर्फ सुटलेला असतो. आकडा ३ असला की माणसं मधलाच आहे म्हणून गाफील राहतात, आणि सगळ्यात जास्त जीव त्यातच जातात. फेब्रुवारीपर्यंत तुझे मित्र होतील, कुणीतरी म्हणेल चल ताज्या बर्फात जाऊ, पिस्टच्या कडेच्या दोरीच्या पलीकडे. नाही म्हणायचं. ह्या एका गोष्टीवर मी अजिबात ऐकून घेणार नाही.

दोरीच्या आत मात्र नक्की शिक. सुन्नेग्गाला जमिनीखालून जाणारी ट्रेन आहे, काही मिनिटांत २३०० मीटरच्या आसपास पोचवते, तिथे अगदी नवशिक्यांसाठी वोल्ली पार्क आहे, तिथे तुझ्याबरोबर चार वर्षांची पोरं पडत असतील. पहिले दोन धडे शिक्षकाकडूनच घे, मित्राकडून नको. बूट भाड्याने घेताना घाई करू नकोस, पिंडरी आवळली पाहिजे पण बोटं हलली पाहिजेत, एक साईज मोठा घेतलास तर गुडघ्याला त्रास. हॉटेल स्टाफला स्की पास स्वस्तात मिळतो का तेही विचारून ठेव. इन्शुरन्सचं ऐक, आठवड्याला आठ तासांच्या वर नोकरी असेल तर कामाबाहेरच्या अपघाताचाही विमा मालकाकडूनच असतो, म्हणजे सुट्टीच्या दिवशी स्की करताना पाय मोडला तरी तो त्यात येतो. आजारपणाचं वेगळं, तुझी कॉलेजची पॉलिसी इंटर्नशिपमध्ये चालते का हे कॉलेजला लेखी विचार. आणि एक छोटी पर्सनल लायबिलिटीची पॉलिसी काढ, वर्षाला साधारण शंभर-दीडशे फ्रँक, उतारावर तू कुणाला धडकलीस आणि त्याचं हाड मोडलं तर ती कामाला येते.

जेवण. सांगून जायचं, गेल्यावर नाही. स्टाफच्या जेवणात रोश्टी (किसलेल्या बटाट्याची), मॅक्रोनी, चीज भरपूर असतं पण श्पेक नावाचे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे कशातही येतात, बटाट्यात, बीन्समध्ये, आणि भाजीचं सूप म्हणतात त्यातही हाडांचा स्टॉक असू शकतो. "ओने फ्लाइश, ओने श्पेक", म्हणजे मांसाशिवाय, श्पेकशिवाय, एवढं पाठ कर आणि किचनमधल्या ज्याच्याकडे स्टाफचं जेवण असतं त्याच्याशी पहिल्याच दिवशी बोल. मसूर डाळ, बासमती, चणे मिग्रो आणि कोप ह्या सुपरमार्केटांत मिळतात. आईला सांग पार्सलमध्ये मसाला, मेतकूट, पोहे पाठव, पण तूप, पेढे असलं दुधाचं काही नको आणि ओला कढीपत्ता नको, कस्टममध्ये चालत नाही. आणि खोलीवर फोडणी देताना फार जपून, स्मोक अलार्म लागला तर अख्ख्या बिल्डिंगचे लोक रात्री बर्फात खाली उभे आणि फायर ब्रिगेडचं बिल तुझ्या नावावर यायची भीती. हिंग-मोहरीचं तेल दिवसा, मोठ्या किचनमध्ये परवानगीने एकदाच करून बाटलीत भरून ठेव, मी तेच करायचे, वरणावर चमचाभर घातलं की पुरतं.

जर्मनचं फार मनावर घेऊ नकोस. तिथल्या लोकांची बोली झुरिकच्या माणसालाही नीट कळत नाही, आणि हॉटेलच्या मागच्या बाजूला पोर्तुगीज, इटालियन, इंग्लिश अशी खिचडीच चालते. रूममेट पोर्तुगीज आहे हे तुझं नशीब चांगलं आहे. टॅशमध्ये पोर्तुगीज लोक खूप आहेत, पिढ्यांपासून, तिच्याबरोबर राहिलीस तर तुला आयता शेजार मिळेल. पहिल्या दिवशी काहीतरी गोड घेऊन जा आणि झोपेच्या वेळा, पाहुणे, खिडकी उघडी की बंद, एवढं बोलून घ्या.

आज रात्रीच झरमॅटच्या हॉटेलला मेल टाक. खोलीचा फोटो, भाडं आणि जेवणाची कपात कशी, आठवड्याचे तास आणि नोंद कोण ठेवतं, शेवटची शटल चुकली तर काय, एवढंच, इंग्लिशमध्ये, गोड शब्दांत, उत्तर लेखी हवंय असं लिही. चांगलं हॉटेल दोन दिवसांत उत्तर देतं, हे प्रश्न त्यांना नवीन नसतात. "आल्यावर बघू" असं उत्तर आलं किंवा गुरुवार रात्रीपर्यंत आलंच नाही तर शुक्रवारी जिनिव्हाला हो म्हण आणि कॉलेजला सांग की पुढच्या इंटर्नशिपला मला डोंगरातलंच दुसरं हॉटेल हवंय. उत्तर नीट आलं तर वही विकत घे, खिशात मावेल अशी.